सासूबाई ग्रंथालयात

सहाय्यक म्हणून लागलेली रिया अखेर कॉलेजची ग्रंथपाल झाली, तेव्हा तिची सासू पद्मावती मालवणच्या बाजारात मासळी विकून थेट ग्रंथालयात आली. तिची हाक बाजारातून बंदरापर्यंत ऐकू जाई, म्हणून रियाने दारातच विनवलं, "आये, हंय हळू बोलूक होया हां."

"माका कळता गो," म्हणत सासू आत शिरली आणि टेबलाटेबलाशी वाकून वाचत बसलेल्या मुलांच्या कानात काहीतरी कुजबुजू लागली. पहिल्याच दिवशी प्राचार्यांकडे तक्रार जाणार, या धास्तीने रियाने हसू दाबणाऱ्या एका मुलीला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"



"म्हणाल्या, 'तुमची मोठी मॅडम माझी सून. पण कोणाक सांगू नको.'"