कंपनीची गोळी

मितेशने काउंटरवर दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवल्या. "काका, नीट बघा. औषध एकच, ताकद तेवढीच. ही जेनेरिक. पाचपट स्वस्त पडेल."

त्र्यंबकरावांनी त्या स्ट्रिपकडे पंगतीत कुणी उष्टं पान पुढे सरकवल्यासारखं पाहिलं.

"नौपाड्यात तुझ्या वडिलांनी हे दुकान टाकलं, तेव्हापासूनचं गिऱ्हाईक आहे मी. त्यांनी नाही कधी मला असलं काढून दाखवलं."

"अहो, पण काकूंची बीपीची गोळी जन्मभराची आहे."

"म्हणूनच! बेचाळीस वर्षं संसार केलाय तिने माझा. एकदा तोंड वाकडं होऊन गेलंय. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ देऊ नका. आणि आता तिला स्वस्तातलं गिळायला घालू?"

शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहून मान डोलावली. त्र्यंबकरावांना बरं वाटलं. बिल्डिंगमध्येही त्यांचं नाव होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गोदूबाई तर येता-जाता नवऱ्याला ऐकवत, "बायकोला कसं जपावं, ते शिका जरा त्यांच्याकडून."

मितेशने कंपनीची स्ट्रिप उचलली, कॉम्प्युटरवर त्यांची मागची बिलं पाहिली आणि थबकला. "काका, दहा गोळ्या तुम्हाला वीस दिवस कशा पुरतात?"

"अर्धी देतो." त्र्यंबकरावांनी आवाज खाली आणला. "कंपनीची गोळी कडक असते रे. अर्ध्यात काम होतं. अख्खी सोसायची नाही तिला."

अख्खी सोसायची नाही ती त्यांच्या पेन्शनला. पण हे त्यांनी बायकोला, कलावतीबाईंनाच काय, स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. एक दिवसाआड, देवपूजा उरकली की ते अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करत आणि त्यातला मोठा आधी तिला देत.

"अहो काका, अर्धी गोळी म्हणजे अर्धंच औषध!" मितेशचा आवाज चढला. "बीपी कधी तपासलंत शेवटचं? काकू कशा आहेत?"

"तेच तर विचारायला आलोय." त्र्यंबकराव काउंटरवर वाकले. "आज उठल्यापासून डावा हात उचलला जात नाहीये तिचा. जीभही जड झालीय. हिच्यापेक्षा महागातली नाही का रे एखादी?"