वासाचा पाला

सासूबाईंचं नाव रेहान, आणि परसातल्या त्या सुवासिक रोपाचंही नाव रेहानच. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात बुरुल सहज बोलून गेली, "रेहान खुडून आणते." ओश शहराच्या बाजूला सुनेने सासूचं नाव उच्चारायचं नसतं. सासूबाई कडाडल्या, "नाव घेतलंस ते घेतलंस, वर मलाच खुडायला निघालीस?" तेव्हापासून बुरुल त्याला 'वासाचा पाला' म्हणू लागली.

त्याला बावीस वर्षं झाली. आता सासूबाईंना स्वतःचं नावही आठवत नाही. आज, थंडीने करपायच्या आत, बुरुलने सगळा पाला खुडला आणि मटणाच्या शोर्प्यात घातला. सासूबाईंनी वाडगा नाकाशी धरला.

"ह्याचं नाव काय गं? ओळखीचं आहे माझ्या."

"वासाचा पाला, आई."

"तसं नाही. खरं नाव सांग."

घरात तिसरं कोणी नव्हतं. बुरुलने तोंड उघडलं, पण जीभ काही वळेना.

सासूबाई तिच्या कानाशी झुकल्या. हळूच म्हणाल्या, "सासूचं नाव आहे होय? मग नको घेऊस, पोरी. ऐकेल ती."