बोर्ड झोडणीला गेला

२०१४ साल. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण शाळेच्या शिक्क्यावर अजून ठाणेच होतं. दिवाळीची सुट्टी संपून पोशेऱ्याच्या एका पाड्यावरची शाळा उघडली. हरेश गुरुजींनी वर्गात पाऊल टाकलं, तर भिंतीवर बोर्ड नव्हता. नुसते दोन खिळे होते.

"राही, बोर्ड कुठंय?"

"झोडणीला गेला, गुरुजी," चौथीतली राही म्हणाली. जणू बोर्ड दरवर्षीच जातो.

तो दरवर्षीच जात होता. गुरुजी जूनमध्ये जामसरहून नवे आले होते, त्यांना हे माहीत नव्हतं. बोर्ड म्हणजे पाड्यातल्या रखमीच्या घरची सागाची जाड फळी. पावसाळाभर ती शाळेत असायची. कार्तिकात तिच्यावर पेंढ्या आपटून भात झोडायचं. लग्नं निघाली की तिच्यावर जेवण मांडायचं. पाड्यात भांडण झालं की पंच तिच्यावर बसायचे. सगळं उरकलं की कुणीतरी तिला बॅटरीच्या जुन्या सेलमधली काजळी फासायचं आणि पुन्हा भिंतीला टांगायचं.

एरवी गुरुजी हसले असते. पण त्याच दिवशी तालुक्याहून साहेब यायचे होते. शाळेत मुलं एकोणीस. ओहळापलीकडच्या मोठ्या शाळेत ही शाळा मिसळायची की नाही, ते साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. पावसाळ्यात तो ओहळ मोठ्या माणसाच्या छातीला लागायचा. सहा-सात वर्षांची पोरं तो ओलांडून जाणार नव्हती.

साहेब अकराला आले. त्यांनी मुलं मोजली, मग ते दोन खिळे पाहिले.

"शाळेला साधा बोर्ड नाही, गुरुजी. मी काय लिहू?"

"आहे, साहेब. खळ्यावर आहे."

"मग चला खळ्यावर."

खळ्यावर रखमी भात झोडत होती. "साहेब, तू लांब बस. भाताचं कूस टोचंल अंगाला," ती म्हणाली. रखमी सगळ्यांनाच तू म्हणायची. साहेब पेंढ्यावर बसले, मुलं त्यांच्याभोवती बसली. फळीची काजळी निम्मी उडाली होती. एका कोपऱ्यात सुट्टीआधीची तारीख मात्र अजून दिसत होती.

साहेबांनी वीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी तिसरीतल्या बाळ्याकडे बोट केलं. "बोर्ड या शब्दाचा अर्थ सांग."

बाळ्यानं समोर पाहिलं. "फळी."

गुरुजींनी डोळे मिटले. त्यांनी 'फळा' असं पाठ करून घेतलं होतं.

"अजून?"

"जेवायचं."

"अजून कुणी?"

"भांडण मिटवायला बसतात ते," राही म्हणाली.

"साहेब, घाबरलीत पोरं," गुरुजी घाईनं म्हणाले. "म्हणून चुकतायत."

"चुकतायत?" साहेबांनी पेन खिशाला लावलं. "गुरुजी, हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा अर्थ फळी एवढाच होता. लोक फळीवर जेवायला लागले, म्हणून जेवणही बोर्ड झालं. फळीभोवती बसून ठरवाठरवी करणारेही बोर्ड झाले. आपलं परीक्षेचं बोर्ड त्यातलंच. भिंतीवरचा बोर्ड फार उशिराचा. हे मला बी.ए.ला शिकवलं. यांना कुणी शिकवलं?"

"फळीनं," रखमी म्हणाली आणि तिनं पुढची पेंढी उचलली.

साहेब हसले. "तरी एक अर्थ राहिला. जहाजाची कड, तीही बोर्डच. म्हणून गाडीत चढण्यालाही हाच शब्द आहे. पण ही बिचारी कुठं गेली असणार प्रवासाला."

"उलटी कर," रखमी म्हणाली.

गुरुजींनी आणि बाळ्यानं फळी उलटी केली. मागं लोखंडी कड्या होत्या. रंगवलेला अर्धा मोर होता. पिवळी अक्षरं होती. राहीनं ती मोठ्यानं वाचली, "फिर मिलेंगे."

"लाकडं वाहायच्या लॉरीचा मागचा फाळका हाय," रखमी म्हणाली. "याच लॉरीतून मी नवरी होऊन आले. पुढं ती घाटात पडली. मालक बोलला, काय पायजे ते न्या. बाकीच्यांनी टायर, पत्रे नेले, माझ्या नवऱ्यानं हा आणला. दोन दिवस मी बोलले नाय त्याच्याशी."

साहेबांनी शेरा तिथंच, मांडीवर वही ठेवून लिहिला: "शाळेस बोर्ड आहे. सध्या कामानिमित्त बाहेर आहे. शाळा आहे तेथेच ठेवावी."

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाले. जाताजाता त्यांनी शाळेला नवा हिरवा बोर्ड धाडला. रखमीनं तो बोटानं वाजवून पाहिला आणि म्हणाली, "याच्यावर झोडता नाय येत." राही जव्हारला शिकायला गेली. आता ती शिक्षिका व्हायचा अभ्यास करते आणि सुट्टीत पाड्यावर येते. बाळ्यानं जुना टेम्पो घेतला.

हरेश गुरुजी पाड्यावर दहा वर्षं राहिले. २०२४च्या मे महिन्यात त्यांची डहाणूकडे बदली झाली. बाळ्याच्या टेम्पोत सामान चढलं, पण टेम्पोचा मागचा फाळका कधीच मोडला होता. कपाट सारखं घसरत होतं. रखमी घरात गेली. फळी आता तिला एकटीला उचलत नव्हती, म्हणून तिनं राहीला हाक मारली. दोघींनी ती बाहेर आणली. बाळ्यानं तारेनं बांधली, मोर बाहेरच्या बाजूला ठेवून.

टेम्पो वळणाला लागला. पिवळी अक्षरं लहान होत गेली.

"मावशी, फळी देऊन टाकलीस," राही म्हणाली. "कार्तिकात झोडशील कशावर?"

रखमी रस्त्याकडेच बघत होती.

"मागं काय लिवलंय, तूच वाचलंस ना."