पॅसेजमधली घंटा

घंटा परत वाजली. ती पॅसेजमध्ये धावली. याही वेळी तिथं कुणी नव्हतं. आजोबांच्या खोलीचं दार बंदच होतं.

तिनं घंटेची वायर काढली आणि मटकन खाली बसली. मागच्या महिन्यात आजोबा कुणाला न सांगता बाहेर पडले होते आणि भर रस्त्यात गाड्यांच्या मधोमध सापडले होते. विचारलं तर म्हणाले, शाळेत निघालोय, तास आहे. मास्तरकी सोडून वर्षं लोटली, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. म्हणून तिनं हा लेझर बनवला. जुन्या डीव्हीडी प्लेअरमधला, लाल किरण सोडणारा डायोड आणि बॅटरी पॅसेजच्या या टोकाला, प्रकाश टिपणारा सेन्सर त्या टोकाला. आजोबा दाराबाहेर आले की किरण अडणार, घंटा वाजणार. त्याच्याच भरवशावर आई आज कामाला गेली होती. जाताना बजावून गेली, "तुझं हे खेळणं नेमकं आयत्या वेळी दगा देईल बघ."

तसंच झालं होतं. सेन्सरपर्यंत प्रकाश पुरेसा पोचतच नव्हता. आता आजोबा निघून गेले, तर कळणार कसं?

तिनं मीटर लावला. बॅटरी भरलेली होती. करंटही ठरवला होता तेवढाच होता. तिनं लेझरपुढचं भिंग कापसानं पुसलं. सर्दीनं नाक चोंदलं होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. आत आजोबा खोकले. माझी सर्दी त्यांनाही लागली वाटतं, तिला वाटलं. डोकावून बघावं असं मनात आलं. पण झोपमोड झाली की ते चपला शोधू लागत. घंटेचा भरवसा नसताना ती जोखीम नको. तिनं दार उघडलं नाही.

मग तिनं सेन्सर काढून लेझरच्या अगदी समोर धरला. प्रकाश पुरेपूर होता. परत लांबच्या टोकाला नेला. निम्माही नाही. म्हणजे लेझर ठीक, सेन्सर ठीक. प्रकाश वाटेतच कुठंतरी हरवत होता. पण वाटेत तर नुसती हवा होती.

लेझरचा ठिपका नीट दिसावा म्हणून तिनं पॅसेजचा दिवा मालवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेत एक लाल दोरा ताणलेला दिसत होता. लेझर पहिल्यांदा लावला, त्या दिवशी आजोबांचं डोकं ताळ्यावर होतं. ते म्हणाले होते, स्वच्छ हवेत किरण कधी दिसत नसतो, पोरी. हवेत काही असेल, तरच दिसतो.

आजोबांच्या दारापाशी तो दोरा सगळ्यात जाड होता. आणि खोकला थांबला होता.

तिनं दार ढकललं. दुलई हीटरवर घसरून धुमसत होती, खोली धुरानं भरली होती. तिनं आजोबांना काखेत हात घालून ओढत अंगणात आणलं. शेजारचे काका बादल्या घेऊन आत धावले.

बऱ्याच वेळानं आजोबांचा श्वास नीट चालू लागला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एखाद्या नव्या विद्यार्थिनीकडे पाहावं तसं.

"घंटा तर कितीदा झाली, बाळ," ते म्हणाले. "मग दार का नाही उघडलंस?"