कच्चा रंग

रिव्हर्स घेताना उर्वीने खांबाला घासलेली गाडी रंगून ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावातल्या घरी आली. रंग अजून कच्चा आहे, महिनाभर त्यावर काही लावू नका, असं वर्कशॉपवाल्याने बजावलं होतं. बाबांनी आईला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिकही काढू दिलं नाही. आता आपल्या हातात गाडी कसली येते, म्हणून उर्वीने शिकाऊ ड्रायव्हरच्या पिवळ्या पाट्या गुपचूप कपाटात टाकल्या.

शनिवारी बाबांनी हाक मारली. "चल, चालवायला."

"पण बाबा, एल-प्लेट चिकटवायची नाहीये ना?"

"चिकटवतंय कोण? टूवूंबात बसची वाट बघत म्हातारी होशील."

ती बाहेर आली. पाट्या पुढे-मागे आईच्या परकराच्या नाड्यांनी बांधलेल्या होत्या आणि बाबा डावीकडच्या सीटवर पट्टा लावून बसले होते.