ट्रेमधले केस

“परत केस,” हातानाका-सान ट्रेवर वाकून पुटपुटले. ट्रे अश्लेषाचा होता, आणि पुटपुटलेलं कळण्याइतकं तिचं जपानी आता सुधारलं होतं.

त्यांनी चिमट्याने तो लांब काळा केस उचलला, टिपकागदावर ठेवला आणि कोणाकडेच न बघता निघून गेले. पुढच्या शनिवारी अश्लेषाच्या टेबलावर प्लास्टिकची टोपी होती, आंघोळीला घालतात तसली. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरी.

“अगं, सरळ सांगत का नाहीत?” ती शेजारच्या विद्याला म्हणाली. “आपल्याकडे ‘बाई, केस बांधा’ म्हणून मोकळे झाले असते.”

“तुझी वेणी बघून त्यांची जीभ रेटत नसेल. दोन्ही घाल. एकीवर एक.”

त्सुनामीला दोन वर्षं झाली होती. इचिकावातल्या या हॉलमध्ये दर शनिवारी स्वयंसेवकांनी चिखलाने माखलेले जुने कागद धुवायचे. मऊ ब्रश, पाणी, जाळी, मग पंख्याखाली वाळवण. हे कागद हातानाका-सानांच्या घरचे. उत्तरेकडच्या एका बंदरगावात त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या गावप्रमुखाचं. लाटेने त्यांचं कोठार फोडलं आणि दोनशे वर्षांचे गठ्ठे खाऱ्या गाळात सापडले. समोरच्या टेबलावर कानो-सान बसत. त्याच गावच्या, एकोणऐंशी वर्षांच्या, आता लेकीकडे राहणाऱ्या. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत. त्यापुढे एक शब्द नाही.

का, ते विद्याने कुठून तरी काढलं होतं. १८२४ साली कानोंच्या पूर्वजाचं, कानबेईचं, जहाज तांदूळ घेऊन तेव्हाच्या राजधानीला, एदोला, निघालं आणि परत आलं नाही. अकरा माणसं. फळीसुद्धा सापडली नाही. तांदूळ विकून पळाले, असं तेव्हाच्या गावप्रमुखाने, हातानाकांच्या पूर्वजाने, ठरवलं आणि कानोंचं शेत स्वतःकडे घेतलं. गावात समुद्रात गेलेल्यांची शिळा होती, तिच्यावर ही अकरा नावं कधी आली नाहीत. शिळाही लाटेत गेली. आता नवी व्हायची होती, जुनी-नवी सगळी नावं एकत्र. यादी हातानाका-सानांनी केली होती, सोमवारी ती पाथरवटाकडे जाणार होती. कानो-सानांचे यजमान लाटेत गेले, त्यांचं नाव यादीत होतं. कानबेईचं नव्हतं. कानो-सान विचारत नव्हत्या आणि हातानाका-सान विषय काढत नव्हते.

त्या शनिवारी अश्लेषा दोन टोप्यांवर रुमाल बांधून बसली. “इडलीपात्र दिसतेयस,” विद्या म्हणाली. आणि तरीही तासाभरात ट्रेमध्ये केस आला.

तिने तो उजेडात धरला. गळलेल्या केसाला एका टोकाला मूळ असतं. रोज कंगवा साफ करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. याला मूळ नव्हतं. टोक सुरीने छाटल्यासारखं सरळ. तिने आठवून पाहिलं. सगळे केस एकाच गठ्ठ्यातून येत होते, आणि जितकं खाली जावं तितके जास्त. तळाशी एक चिकटलेला गोळा होता, अजून कोणी न उघडलेला.

“हा उघडायचा का?”

“क्रम सोडून उघडत नाही आपण,” हातानाका-सान म्हणाले.

“केस माझे नाहीत.”

हॉलमधल्या माना वळल्या. ते तिचे आहेत असं तर कोणी म्हटलंच नव्हतं.

हातानाका-सान लाल झाले. मग स्वतःच बांबूची पातळ पट्टी घेऊन आले.

तेलकट कागदाचे पदर सुटत गेले. आत कागदी दोऱ्याने बांधलेले केसांचे झुबके. एकाचा दोरा कुजून केस विखुरले होते.

“शेंड्या!” विद्या मराठीतच ओरडली.

अकरा होत्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

कानो-सान उठून आल्या. खलाशांच्या घरातल्या, त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं. वादळात आता सुटका नाही असं दिसलं की खलाशी शेंडी कापून देवाला वाहत. वाचून आले तर बंदरावर अधिकारी आधी डोकी तपासत. शेंडी जागेवर असली तर वादळ खोटं, माल विकलेला. कापलेली असली तर माणसं खरी.

गोळ्यात एक पत्रही होतं. हातानाका-सान ते मोठ्याने वाचू लागले. दक्षिणेकडच्या कोळ्यांनी गावप्रमुखाला लिहिलं होतं. आमच्या किनाऱ्याला फुटक्या फळ्यांबरोबर मेणाने बंद केलेली लाकडी डबी लागली, तिच्यात हे होतं, ज्याचं त्याच्या घरी पोचवावं. खाली १८२५ सालची नोंद, ‘मिळाले’, आणि गावप्रमुखाचा शिक्का. शिक्क्याशी ते थांबले. देवाला वाहिलेले केस जाळायची हिंमत त्या माणसाला झाली नसावी. पोचवायची तर नव्हतीच.

“चहा ठेवू का?” कोणीतरी घाईने विचारलं.

कानो-सान ऐकत नव्हत्या. चिठ्ठ्या वाचत होत्या. “कानबेई!” पाठ ताठ करून, शाळेत हजेरी घ्यावी तशी, त्यांनी अकराही नावं खणखणीत पुकारली. अकराव्याला त्यांना हसूच फुटलं, आणि ते थांबेना. अश्लेषाने रुमाल सोडला, दोन्ही टोप्या काढल्या, वेणी धप्पकन पाठीवर पडली.

हातानाका-सानांनी पिशवीतून सोमवारची यादी काढली. सगळ्यात वर, आपल्या घराण्याच्या नावांच्याही वर, अकरा नावं लिहिली. यादी कानो-सानांपुढे ठेवली आणि कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकले.

“चोर तुमच्या घरात नव्हता, कानो-सान,” ते म्हणाले. “आमच्या घरात होता.”