रिकामी झोळी

फोटोंच्या प्रदर्शनासाठी सांगलीच्या वीरधवलनं आटपाडीच्या माळावर खोटंच पाल उभारलं आणि आत साडीची रिकामी झोळी टांगली. मेंढरं राखणारी सारिका पालात बसायला हसत तयार झाली, "रोजचंच हाय की!" पण झोळीला हात लावीना. "रिकामी झोळी हलवू न्हाई, दादा. लेकरावर बेततं." "अगं, इथं लेकरू आहेच कुठं? रिकामेपणच दाखवायचंय मला." तिनं पोटावर पदर ओढला. सातवा महिना होता. पहिलं लेकरू असल्याच पालात, अवकाळी पावसात, तिच्या कुशीतच थंड पडलं होतं. शेवटी, बारशाला वरवंटा निजवतात तसा माळावरचा धोंडा तिनं पदरानं पुसून झोळीत निजवला आणि दोरी ओढली. हळूहळू तिला अंगाई फुटली. "झकास फोटो!" म्हणत वीरधवल झोळी सोडायला वाकला, तशी तिनं आडवा हात घातला. "हळू, दादा. आत्ताच डोळा लागलाय त्येचा."